जिन्याच्या काचेवरची काठी

जर्मनीत, गेर्लिंगेनमधले घर आम्ही विकत घेतले तेव्हा जिन्याच्या वळणावरच्या खिडकीत एक रंगीत काच होती. लाल ढाल, तिच्यावर तीन पांढऱ्या कात्र्या आणि वर लोखंडी शिरस्त्राण. आधीच्या मालकांच्या घराण्याचे ते चिन्ह. इकडे त्याला वापेन म्हणतात. घर विकताना त्यांनी करारातच लिहून घेतले होते की स्वयंपाकघरातली कपाटे राहतील, बागेतले लाकडी खोपटे राहील, वापेन मात्र आम्ही नेऊ. त्याप्रमाणे त्यांनी काच चौकटीतून काढली, चादरीत गुंडाळून गाडीत घातली आणि खिडकीला प्लायवूड ठोकून दिले. मला त्याचे काही वाटले नाही. माझे म्हणणे एवढेच होते की पुढच्या हिवाळ्याआधी तिथे धड काच बसली पाहिजे. मी ब्रेकच्या चाचण्या घेणाऱ्या विभागात काम करते. फट दिसली की ती बुजवावी, त्यावर विचार करत बसू नये, अशी मला सवय आहे.

काचवाल्याने दुधी काच सुचवली. मी हो म्हणणार होते, पण त्याच आठवड्यात शेजारच्या बाई केक घेऊन ओळख करून घ्यायला आल्या आणि प्लायवूडकडे बघून हळहळल्या. या बाई पूर्वी एका नगरपालिकेच्या दफ्तरखान्यात होत्या. आता निवृत्त आहेत आणि वापेनांची नोंद ठेवणाऱ्या एका मंडळाचे काम बघतात. वापेन फक्त सरदार-दरकदारांचे असते हा लोकांचा गैरसमज आहे, असे त्यांनी आम्हाला सांगितले. शिंपी, पाववाले, गिरणीवाले, सगळ्यांनी पूर्वीपासून आपापली चिन्हे घेतली. आजही कोणीही स्वतःचे नवे वापेन काढून नोंदवू शकतो. दुसऱ्याचे उचलायचे नाही आणि नियम पाळायचे, एवढ्याच अटी.

कोणीही, हे ऐकल्यावर माझा नवरा सरसावून बसला. तो गाड्यांच्या सीटची रचना करतो. त्याला रेखाटायला कारणच हवे असते. दोन संध्याकाळी बसून त्याने चित्र तयार केले. त्यात सिंह होता, गिअर होते, धम्मचक्र होते, उघडे पुस्तक होते, आंब्याची डहाळी होती आणि मागे सह्याद्रीची रांग. बाईंनी चष्मा लावून ते नीट पाहिले आणि हे वापेन नसून सामान आहे, असा शेरा मारला. ढाल कशासाठी असते? तर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला घोड्यावर बसलेल्या, घाबरलेल्या माणसाला ती एका नजरेत ओळखता यावी म्हणून. त्यामुळे वस्तू एक किंवा दोन, रंग मोजके. पिवळा म्हणजे सोने, पांढरा म्हणजे चांदी, हे दोन धातू. बाकीचे रंग. रंगावर रंग चालत नाही, धातूवर धातू चालत नाही, कारण लांबून दिसत नाही. शिवाय ढालीची उजवी बाजू म्हणजे ढाल धरणाऱ्याची उजवी, बघणाऱ्याची नव्हे. हे समजायला लोकांना फार वेळ लागतो असे त्या म्हणाल्या. आम्हाला क्षणही लागला नाही. गाडीची डावी बाजू ड्रायव्हरच्या सीटवरून ठरते, त्यात आमची निम्मी हयात गेली आहे.

मला हे सगळे आवडू लागले होते, हे कबूल करते. मी समजत होते की हा हौशी लोकांचा पोशाखी खेळ असेल. पण ही तर सरळ दृश्यमानतेची मानके निघाली.

मग बाईंनी पेन्सिल हातात घेऊन विचारले की तुमचे पूर्वज काय करत होते. वापेन बहुतेक वेळा तिथूनच निघते. कात्री म्हणजे शिंपी, चाक म्हणजे गिरणीवाला.

"शेतकरी," नवरा म्हणाला.

बाईंनी नांगर काढायला घेतला. चांगला जमला होता. मी तो पुरा होऊ दिला नाही.

"शेत नव्हतं," मी म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिले. तो खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. परदेशात कोणी विचारले की आपण हेच उत्तर देतो, ते सोपे पडते. पण इथे ते काचेत बसणार होते. मी बाईंना जर्मनमध्ये थोडक्यात सांगितले. नवऱ्याचे पणजोबा गावचे येसकर होते. वेशीवर राखण करायची, दवंडी द्यायची, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढे पळायचे, मेलेले जनावर ओढून न्यायचे आणि त्याबदल्यात दारोदार फिरून भाकरी मागून आणायची. पगार नाही आणि नाही म्हणायची सोयही नाही, कारण जन्मच त्या कामासाठी धरलेला. हातात घुंगरू लावलेली काठी. ती कामाची खूण, आणि आवाज ऐकून लोकांनी बाजूला व्हावे, शिवाशिव होऊ नये, याचीही सोय. माझ्या माहेरी तेच, फक्त तालुका वेगळा. दीक्षा घेतल्यावर आमच्या लोकांनी ही कामे सोडली.

टेबलाच्या टोकाला आमची मुलगी बसली होती. अकरावीत आहे. मराठी सगळे समजते, उत्तर जर्मनमध्ये येते. आपण बौद्ध आहोत हे तिला माहीत होते, एप्रिलमध्ये स्टुटगार्टला हॉल भाड्याने घेऊन जयंती होते तेव्हा ती खुर्च्या मांडते. आपल्यावर अन्याय झाला हेही तिला मोघम माहीत होते. काठी माहीत नव्हती. ती कोणी सांगितलीच नव्हती. तिने विचारले की मग नांगर कशाला काढताय.

शेजारच्या बाईंनी अर्धवट नांगरावर काट मारली. मग त्यांनी स्वतःच्या घराण्याचे सांगितले. त्यांचे वापेन म्हणजे गव्हाची पेंढी. प्रत्यक्षात त्यांचा एक पूर्वज मेलेल्या जनावरांची कातडी सोलायचा. खानावळीत त्याच्या टेबलावर कोणी बसत नसे. त्याच्या नातवाने दुसऱ्या गावी जाऊन पावाची भट्टी घेतली आणि ही पेंढी लावली. मी म्हटले, हे तंतोतंत सारखे नाही. तुमच्या माणसाने गाव बदलले आणि विषय संपला. आमच्या माणसांनी गाव बदलले की त्यांच्या आधी त्यांचे आडनाव तिथे पोचलेले असायचे. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, बरोबर, सारखे नाही. या बाईंशी आपले जमेल, हे मला तेव्हा कळले.

मग त्यांनी कागद उलटा केला आणि नवे चित्र काढले. निळी ढाल, कडेतून आलेला एक हात आणि त्या हातात सोनेरी काठी, वर लहान घुंगरे. निळा रंग पाहून नवऱ्याची मान आपोआप हलली. मुलीला तर ते इतके आवडले की तिने त्याची नक्कल रंगवून फ्रिजवर लावून टाकली. माझीही हरकत नव्हती. काचवाल्याला मी कळवले की थोडे थांब.

मे महिन्यात माझे सासरे आले. एक वर्षाआड उन्हाळ्यात ते तीन महिने आमच्याकडे राहतात. सासूबाई गेल्यापासून एकटेच येतात. सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले, वय ऐंशीच्या घरात, आवाज कायम खालच्या पट्टीत. कंत्राटदार त्यांच्या त्या आवाजालाच घाबरायचे, असे नवरा सांगतो.

दूध काढायला म्हणून ते फ्रिजपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. खिशातून चष्मा काढून लावला.

"आजोबा, das sind wir," मुलगी म्हणाली. हे आपण आहोत.

ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, ही कल्पना कोणाची?"

मी म्हटले, सगळ्यांची. मग वापेन म्हणजे काय, खिडकी कुठली, सगळे सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"ह्या काठीपासून लांब जाण्यात माझ्या बापाचा जन्म गेला आणि माझा अर्धा," ते म्हणाले. "तुम्ही ती काचेत बसवून मागून उजेड सोडताय."

पुढचे त्यांनी आणखी शांतपणे सांगितले. त्यांची खोली वर आहे. रोज चार वेळा त्या काठीखालून ये-जा करायची त्यांची तयारी नाही. ती काच बसणार असेल तर तिकीट अलीकडचे करून द्यावे, आणि पुन्हा या घरी ते येणार नाहीत. एवढे बोलून त्यांनी दूध बाहेर काढले आणि चहाला किती पाणी ठेवू म्हणून विचारले.

त्या रात्रीपासून घरात नुसता कोंडमारा. नवऱ्याचे म्हणणे, विषय संपव, दुधी काच लावून टाक. वडील या वयात इतक्या लांब येतात, त्यांना दुखवून काय मिळणार. मुलगी दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी डिशवॉशर भरताना तिने मला सुनावले, अर्थात जर्मनमध्ये, की लपवायचेच होते तर मला सांगितले कशाला. सासरे रोज सकाळी फिरून येत, जेवत आणि फ्रिजकडे पाठ करून बसत.

मला खरे तर दुधी काचेचे वावडे नव्हते. पण एकदा उत्तर माहीत झाल्यावर ते खोडून ठेवणे मला जमत नाही. चाचणीत एखादा आकडा नकोसा आला म्हणून तो अहवालातून काढता येत नाही. दुसरीकडे, सासऱ्यांचे म्हणणे मला चुकीचेही वाटत नव्हते. आम्ही तिघांनी ती काठी फक्त ऐकली होती. त्यांनी ती पाहिली होती. मी नवऱ्याला सांगितले, "एक तर खरं लावू, नाहीतर दुधी काच. मधलं काही नाही. आणि ठरवू दे बाबांनाच."

सासऱ्यांना मी म्हटले की बाबा, शेजारच्या बाईंनी एवढे कष्ट घेतले आहेत, नकार तुम्ही स्वतः येऊन सांगा, तो मान त्यांना द्या. हे त्यांना पटले. रीतभात म्हटले की ते मागे हटत नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून ते बाईंकडे आले. दुभाषी म्हणून मुलगी आणि मी.

बाईंनी कॉफी मांडली होती. सासऱ्यांनी इंग्रजीत, अतिशय सभ्यपणे, सांगितले की आमच्या कुटुंबाने हा विचार सोडला आहे, तुमच्या श्रमांबद्दल आभार. बाई म्हणाल्या, आल्झो, म्हणजे बरं तर, जशी तुमची इच्छा, हा निर्णय कुटुंबाचाच असतो. मग त्यांनी चित्राचा कागद फाईलमध्ये ठेवण्यासाठी उचलला आणि जाता जाता विचारले की काठी निदान बरोबर काढली होती का. त्यांना फक्त माहितीसाठी हवे होते.

सासऱ्यांनी कागद पुढे ओढला. "ही पिवळी का आहे?"

बाईंनी नियम सांगितला. निळ्यावर काळे-तपकिरी लाकूड दिसत नाही, म्हणून सोने.

"सोनं?" ते मराठीत म्हणाले. "घरात फुटका मणी नव्हता आणि काठी सोन्याची. बाभळीची होती ती. तेल आणि हाताचा घाम लागून काळी ठिक्कर झालेली. खाली लोखंडी वळं होतं, ते कुठं गेलं?"

मुलगी भाषांतर करत होती. बाई म्हणाल्या, मग काळी करू, पण मग निळा जाईल, मागे पांढरे लागेल.

"पांढरंच होतं मागे. चावडीची भिंत पांढरी होती. चुना दिलेली."

त्यांनी बाईंच्या हातातली पेन्सिल मागून घेतली. ज्या माणसाने चाळीस वर्षे पुलांचे नकाशे तपासले त्याला चुकीचे चित्र समोर ठेवून स्वस्थ बसता येत नाही. त्यांनी काठी बारीक केली, वळे काढले, घुंगरे कुठे बांधलेली असत ते दाखवले. आपण नकार द्यायला आलो आहोत हे ते विसरले होते. मी आठवण करून दिली नाही.

मग पेन्सिल चित्रातल्या हातापाशी येऊन थांबली. हा हात कोणाचा, असे त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, काठी धरणाऱ्याचा, वापेनात वस्तू अशी हातात देण्याची पद्धत आहे.

सासऱ्यांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी तरी इतक्या वर्षांत कधी ऐकले नव्हते. नवऱ्यानेही नव्हते, हे नंतर कळले.

दीक्षा घेऊन आल्यावर त्यांचे आजोबा आणि वडील काठी परत करायला चावडीवर गेले. सासरे तेव्हा शाळेत जाणारे, तेही मागे मागे गेले. पाटील म्हणाला, मी घेणार नाही, मग काम कोण करणार. आजोबांनी वाद घातला नाही. काठी चावडीच्या भिंतीला टेकवली आणि सगळे घरी आले. त्यानंतर ती तिथेच राहिली. गावातले कोणी तिला हात लावेना, कारण ती आमची. आम्ही लावणार नव्हतो, कारण आम्ही ती सोडली होती. पाटलाचे निरोप येत राहिले. भाकरी बंद झाली, मजुरी बंद झाली, दुकानदार मीठ देईना. शाळेचा रस्ता चावडीवरून होता. सासरे रोज जाता-येता बघायचे, काठी आहे का. असायची. पाऊस खाऊन तिची घुंगरे गंजली.

"एका शब्दावर सगळं परत मिळालं असतं," ते म्हणाले. "नुसती उचलायची होती. कोणी उचलली नाही."

मुलीचे भाषांतर हळूहळू मंदावत गेले होते. शेवटचे वाक्य बाईंना सांगून झाल्यावर ती आजोबांकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "मग हात काढून टाकूया." उच्चार भयंकर होता. त्यांना कळले.

त्यांनी खोडरबर घेऊन हात पुसला. नीट, बोटाबोटाने पुसला आणि कागदावरचा कचरा फुंकून टाकला. मग काठी पुन्हा काढली, पण सरळ नव्हे, तिरकी, वरचे टोक ढालीच्या कडेला टेकलेले.

"ही चालेल," ते म्हणाले. "ही आमची."

निळा रंग नवऱ्याला हवाच असणार होता, म्हणून खाली जमिनीच्या जागी निळी पट्टी घेतली. नियमात बसते. बाईंनी तिथेच दुसरा कागद काढून मंडळासाठी स्वच्छ प्रत तयार केली. तिकीट अलीकडे करण्याचा विषय परतीच्या वाटेवर कोणी काढला नाही आणि मीही विचारले नाही.

काच तयार होऊन आली ती जुलैच्या शेवटी. बसवायच्या दिवशी मी सुट्टी घेतली होती, कारण काचवाले चौकटीचा सांधा घाईत उरकतात. सासरे वर जायला निघाले आणि वळणावर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होते ते मी सांगू शकत नाही, मी सिलिकॉन तपासत होते. ते थांबले, एवढे खरे. मग कठड्याला धरून वर गेले.

मंडळाने मात्र अडवलेच. त्यांच्या समितीचा शेरा आला की काठी तिरकी असल्याने रेखाटनात चूक झाल्यासारखे वाटते, ती मध्यभागी उभी घ्यावी, म्हणजे समतोल साधेल. शेजारच्या बाई ओशाळल्या. मी समितीच्या प्रमुखांना फोन लावला. त्यांना म्हटले, मध्यभागी सरळ उभी काठी म्हणजे कोणीतरी धरलेली काठी. आमची टेकवलेली आहे, तेच तर आमचे वापेन आहे. तिरकेपणा काढलात तर बाकी काही उरत नाही. ते गृहस्थ म्हणाले, मग अर्थाच्या रकान्यात तसे स्पष्ट लिहून द्या. गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हटले, तेवढेच हवे होते.

ते वाक्य सासऱ्यांनी मराठीत सांगितले आणि मुलीने जर्मनमध्ये उतरवले: ही काठी आमच्या घराण्याने भिंतीला टेकवून ठेवली आणि पुन्हा उचलली नाही. त्याखाली मी माझी एक अट घातली. मुलगी पुढे कुठलेही आडनाव लावो, हे वापेन तिचे आणि तिच्या मुलांचे राहील. अशा नोंदी बहुतेक मुलग्यांच्या बाजूने चालतात. आम्हाला मुलगा नाही, आणि असता तरी मी हेच लिहिले असते.

ऑगस्टमध्ये सासऱ्यांची निघायची वेळ आली. नवऱ्याने कोणालाही न विचारता वापेन छापलेले सहा कप करून आणले होते. नातेवाइकांना भेट म्हणून त्याने ते बॅगेत भरले. सासऱ्यांनी बॅग उघडली आणि कप एकेक करून पलंगावर काढून ठेवले.

"तिकडे नको," ते म्हणाले.

नवऱ्याने का म्हणून विचारले. इतके सगळे झाल्यावर आता का, हा त्याचा प्रश्न रास्तच होता.

"इथं हे चित्र आहे. तिकडं लोकांना वाचता येतं."

"वाचू देत की बाबा. आता कोण काय बोलणार आहे?"

"बोलणार कोणी नाही. चहा न पिता कप खाली ठेवतील."

मुलीला शब्द कळले, अर्थ कळला नाही, म्हणून मी तिला जर्मनमध्ये सांगितले. सासऱ्यांचे म्हणणे मला पूर्ण पटले नव्हते. त्यांच्या सोसायटीत सगळेच तसे नाहीत. पण तिथे राहायचे त्यांना आहे, मला नाही, आणि कोण कप खाली ठेवतो ते त्यांनी बघितलेले आहे.

मी पाच कप कपाटात लावून टाकले. सहावा कागदात गुंडाळला, त्यांच्या शर्टांच्या घडीत ठेवला आणि त्यांना म्हटले, "हा पाहुण्यांसाठी नाही बाबा. तुमच्या सकाळच्या चहासाठी."

ते बघत उभे होते. त्यांनी वाकून शर्ट जरा दाबले, कपाच्या कानाला धक्का लागणार नाही अशी चप्पल बाजूला सरकवली, चेन ओढून घेतली आणि आता बॅगेचे वजन किती भरते ते बघ, असे मला म्हणाले.